बायांना वाटेला लावेपर्यंत

माझ्या लेकीच्या अंगावर कांजण्या उठल्या तेव्हा ती पाच वर्षांची होती. आता ती सातारला हॉस्टेलवर राहून शिकते आणि मी मळ्यातल्या या घरात एकटी असते. ऊस वाढला की घराच्या चारी बाजूंनी हिरवी भिंत उभी राहते. कोण आलं, कोण गेलं ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं.

माझं माहेर माण तालुक्यात. तिकडं सगळा उघडा माळ. मेंढरांमागं फिरताना लांबचा माणूस नुसत्या चालीवरून ओळखायचो आम्ही. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंत होती, तेवढी शिकले. लग्न होऊन इकडं आष्ट्याच्या बाजूला आले आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं मला इथं कोंडल्यासारखं व्हायचं. पाणी भरपूर, रान काळंभोर, पण नजर बांधापलीकडं जात नाही.

मी मुळातच कमी बोलणारी. इथं आल्यावर आणखी कमी झाले. हे फौजेत होते, वर्षातून एखादी रजा मिळायची. घरात मी, पोर आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्याही गरजेपुरतं बोलायच्या. आमच्यात भांडण कधी झालं नाही. गप्पाही कधी झाल्या नाहीत.

त्या दिवशी पोरीच्या पोटावर पाण्याचे चार फोड दिसले. आत्याबाईंनी झगा वर करून बघितलं आणि हात जोडले.

"बाया आल्यात," त्या म्हणाल्या. "आता घरात आवाज चढवायचा न्हाई."

आमच्याकडं कांजण्यांना बाया म्हणतात. बाया आल्या की त्यांना पाहुण्यांसारखं जपायचं. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. पोरीच्या अंथरुणावर पाला पसरला. घरात फोडणी बंद झाली, कारण तापल्या तेलाच्या चरचरण्यानं बायांचा जीव जळतो. मग नुसतं शिजवलेलं वरण, भाकरी, दूध, दही. पायात चप्पल घालायची नाही. बाहेरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही. बाया आहेत तोवर घराला कुलूप लावायचं नाही आणि घरच्या थोरल्या बाईनं घर सोडायचं नाही. अंगाला सुई टोचायची नाही. आत्याबाईंनी हे एकदाच सांगितलं आणि मी मान हलवली. माझ्या माहेरीही थोड्याफार फरकानं असंच करतात.

ते दिवस मला फार लांब वाटले. शेजारची वस्ती हाकेच्या अंतरावर, पण डहाळा बघून कोणी फिरकायचं नाही. पोर खाजवायची, मी तिचे हात धरून बसायची. ती म्हणायची, "आई, गोष्ट सांग." मला गोष्टी येत नाहीत. मी तिला मेंढरांची नावं सांगायची. माझ्या लहानपणीची सगळी मेंढरं मला नावानिशी आठवतात. ती तीच तीच नावं पुन्हा विचारायची आणि मध्येच झोपून जायची.

पुढं ताप उतरला. फोड सुकले, खपल्या धरल्या. मांडीच्या वरच्या अंगाला एक फोड तिनं झोपेत खाजवून फोडला होता, तेवढा मात्र पिकला होता. त्याच्याभोवती लाल झालं होतं. आत्याबाईंनी त्यावर हळद दाबली. कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घातली. माझ्या माहेरी एवढं झालं की बाया गेल्या, संपलं. इथं मात्र आत्याबाई म्हणाल्या, "उद्या सकाळच्याला बायांस्नी वाटंला लावू."

ओढ्याच्या कडेला, आमच्या रानाच्या शेवटच्या बांधावर शेंदूर लावलेला एक दगड आहे. ज्या पोराच्या अंगावर बाया आल्या होत्या त्यानं दहीभाताची वाटी घेऊन आपल्या पायानं तिथपर्यंत चालत जायचं. आईनं मागं राहायचं, हाक मारायची नाही, हात धरायचा नाही. ही या घराची रीत. मला वाटलं, अंघोळीनं बाया गेल्याच आहेत, हा आपला नुसता वरचा मान आहे.

सकाळी पोर उठलीच नाही. अंग पुन्हा तापलं होतं. उभी करायला गेले तर डावा पाय जमिनीला टेकवेना.

"गुडघा दुखतोय," ती म्हणाली.

गुडघ्यावर सूज नव्हती, काही नव्हतं. आत्याबाईंनी मीठ गरम करून पुरचुंडी केली आणि गुडघा शेकला. दहीभात केलेला होता, तो गाईला घातला. मला म्हणाल्या, "बायांचा पाय निघंना गं. ऱ्हायच्यात अजून."

पोर दिवसभर तशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी मी तिला आष्ट्याला डॉक्टरकडं न्यायचं म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, "न्ये. पन सुई टोचू दिऊ नगंस." डॉक्टरनं गुडघा दाबून बघितला, गुडघ्याचा फोटो काढला. फोटो चांगला आला. कांजण्यांनंतर अंगात कणकण राहते म्हणाले आणि पातळ औषध दिलं.

परत येताना रिक्षातून उतरून मी तिला कडेवर घ्यायला गेले. मूल कडेवर येतं तेव्हा त्याचे दोन्ही पाय आपसूक आपल्या कमरेला विळखा घालतात. ते शिकवावं लागत नाही. तिनं विळखा घातला नाही. उजवा पाय आला, डावा तिनं तसाच वाकडा, बाहेरच्या अंगाला मुडपून धरला, आणि मी जरा सरळ करायला गेले तर अशी ओरडली की रिक्षावालाही मागं बघायला लागला. मग मी तिला तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि पाणंदीनं घरापर्यंत चालत आले. दोन्ही बाजूंना ऊस. हात भरून आले होते. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. गुडघ्याला हात लावला तर ही रडत नाही. चड्डी बदलताना रडते. कडेवर घेताना रडते. मग दुखतंय ते गुडघ्यात कसं?

पण हे सांगायचं कुणाला? यांना फोन लावला, लागला नाही. त्यांची ड्यूटी वर बर्फात होती, तिथं रेंज नसायची. आत्याबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, बाया जागा बदलतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी मागणं बंद केलं. मी वाटी तोंडाला लावली तरी ती नुसती बघत होती. तिच्या त्या बघण्याला मी घाबरले. पिशवीत तिचे दोन झगे टाकले, पैसे घेतले आणि तिला हातांवर उचलून दारात आले. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"सांगलीला जाते," मी म्हणाले.

"बाया घरात असताना?"

"पोरगी गप पडलीय, आत्याबाई."

त्या बाजूला झाल्या. मी उंबरा ओलांडला तरी मागून 'जा' नाही आणि 'जाऊ नगं' नाही. मला वाटलं, रागावल्या. दुधाच्या टेम्पोनं रस्त्यापर्यंत सोडलं. एसटीत सगळा वेळ मी तिला मांडीवर आडवी धरून होते आणि गाडी खड्ड्यात आदळली की दोघींच्याही तोंडून आवाज निघत होता.

दवाखान्यात खूप गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "कुठं दुखतं बाळा?"

"गुडघा," पोर म्हणाली.

तो गुडघ्याकडं वळला. पुन्हा फोटो लिहायला लागला. त्याची काही चूक नव्हती. पोरच गुडघा दाखवत होती. मी टेबलाच्या कडेला उभी होते. कडेवर घेतानाचं सांगायचं होतं, पण धीर होत नव्हता. मोठ्या माणसांपुढं माझं असंच होतं. शाळेतसुद्धा उत्तर येत असून मी हात वर केला नाही कधी.

"कडेवर बसत न्हाई," मी म्हणाले.

"काय?"

"पोरगी कडेवर बसत न्हाई, सायेब."

पलीकडच्या टेबलावर केस पांढरे झालेल्या एक डॉक्टरबाई होत्या. त्यांनी मान वर केली. "इकडं आणा," म्हणाल्या. "कशी बसत नाही? दाखवा बरं."

मी तिला उचलून कडेवर घ्यायला गेले. तिची किंकाळी ऐकून सगळी रांग गप्प झाली. बाईंनी लगेच हात वर केला, पुरे म्हणून. तिला खाटेवर निजवलं, पाय हळूच धरून इंचभर आत वळवला आणि सोडून दिला.

"खुबा आहे," बाई त्या तरुण डॉक्टरला म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "दुखणं असतं खुब्यात आणि पोरं दाखवतात गुडघा. अंगातली वायरिंगच तशी आहे. अंगावर फोड कसले हे? कांजण्या?"

मी मान हलवली आणि मांडीवरचा पिकलेला फोड दाखवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. मग मला समजेल असं सांगितलं. या फोडातून जंतू रक्तात शिरले आणि खुब्याच्या सांध्यात जाऊन बसले. तिथं पू झाला असणार. हाडालाही लागलं असेल. कांजण्या किती मुलांना होतात, त्यात असं फार क्वचित होतं, पण होतं. सोनोग्राफी करून सांध्यात सुई घालून बघायचं, आणि पू निघाला तर आजच्या आज सांधा उघडून धुवायचा.

सुई म्हटल्यावर मी पोरीच्या कपाळावर हात ठेवला.

"पाय राहील का?" मी विचारलं.

"पाय राहील," त्या म्हणाल्या. "कसा राहील ते मी आज सांगू शकत नाही. पू खुब्यातला हाडाचा गोळा खातो. आणि हिचं हाड वाढायचं आहे अजून. एक पाय वाढला, दुसरा मागं राहिला, असं होऊ शकतं. मोठी होईपर्यंत बघत राहावं लागेल."

"वडील कुठायत?" नर्सनं विचारलं.

"फौजेत."

"मग सही कोण करणार? घरचं कोण आहे बरोबर?"

"मीच," म्हणाले. आणि सही केली. घरात बाया असताना, थोरल्या बाईला न विचारता मी पोरीच्या अंगाला सुई लावायची परवानगी दिली होती. तिला आत नेल्यावर मी बाकावर बसले. पायात चप्पल नव्हती हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. बाया असल्यापासून घातलीच नव्हती. थंडगार फरशीवर पाय ठेवून मी बसून राहिले. आजूबाजूला एवढी माणसं होती, पण विचारायला एकही ओळखीचं तोंड नव्हतं.

पू निघाला. सांधा धुतला. तिच्या खुब्यापासून एक बारीक नळी बाहेर आणली होती आणि पायाला वजन बांधून तो ताणून ठेवला होता. हाताला सलाईन. दिवसातून कितीतरी वेळा नसेतून औषध. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय विचारलं, तर "आई, बाया गेल्या का?" मी म्हणाले, "गेल्या." मला तेव्हा तसंच वाटत होतं.

आमच्या शेजारच्या खाटेवर एक आंब्याच्या झाडावरून पडलेला पोरगा होता, दोन्ही हात प्लास्टरमध्ये. त्याच्याजवळ त्याची आजी असायची. सगळा वॉर्ड तिला चाची म्हणायचा. सांगलीतच राहायची, घरी बांगड्यांचं दुकान. तिचं तोंड थांबायचं नाही.

"दोन्ही हात मोडून घेतलेत नवाबानं," ती मला सांगायची. "नाक खाजवायला बी आता आजीच पायजे. मी म्हटलं, तुझ्या लग्नात बी मीच घास भरवू का?" मग माझ्याकडं बघायची. "आगं, तू बोलत का न्हाईस? का तुझ्या बी तोंडाला प्लास्टर घातलंय?"

मला हसू यायचं. बोलणं यायचं नाही. पण ती बोलत होती म्हणून ते दिवस गेले.

आत्याबाई दवाखान्यात आल्या नाहीत. एकदाही आल्या नाहीत. अधूनमधून दुधाच्या टेम्पोबरोबर फडक्यात बांधलेला डबा यायचा. मी पहिला डबा उघडला तेव्हा आत भाकरी होती आणि नुसतं शिजवलेलं वरण. फोडणी नाही, लसूण नाही, मिरची नाही. दुसराही तसाच. तिसराही तसाच. पोरीची अंघोळ होऊन गेली होती, आमच्या माहेरच्या हिशोबानं बाया केव्हाच गेल्या होत्या. मग हे काय? मी एकच अर्थ काढला. त्यांचं न ऐकता मी आले, सुई टोचू दिली, म्हणून हा राग आहे. तोंडानं बोलायचं नाही, जेवणातून दाखवायचं.

चाचीनं एकदा डब्यात डोकावून बघितलं. "या अल्ला. तुझ्या सासूला मोहरी भेटत न्हाई व्हय बाजारात?"

मी डबा झाकला. तिनं माझ्या हातातून तो काढून घेतला आणि आपल्या डब्यातली आमटी पुढं ठेवली. लाल तेल वर तरंगत होतं, लसणाचा वास येत होता. किती दिवसांनी असलं काही तोंडात घातलं. पहिल्याच घासाला ठसका लागला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेचना. चाची म्हणाली, "तिखट लागलं का?" मी हो म्हणाले. तिनं पुढं काही विचारलं नाही. रोज माझ्या वाटचं वाढून ठेवायला लागली. घरचं वरण मी पोरीला भरवायची.

यांना निरोप पोचून रजा मिळाली तेव्हा नळी निघाली होती. हे आले, खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि बराच वेळ त्या लटकत्या वजनाकडं बघत राहिले.

"किती किलोचं हाय हे?" एवढंच विचारलं.

मग बाहेर जाऊन एक बाहुली घेऊन आले. खिशातला रुमाल फाडून तिच्या डाव्या पायाला फौजेत बांधतात तशी पट्टी बांधली, घट्ट, एकही सुरकुती नाही. पोर खुदकन हसली. हे तिच्याशी बोलत होते, माझ्याशी नाही. माझ्याशी काय बोलायचं ते त्यांनाही सुचत नसावं. तिला कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घातलं, आम्हाला घरी सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची गाडी होती.

घरी आलो तेव्हा दाराला लिंबाचा डहाळा अजून होता. वाळून त्याचा पाला गळून गेला होता, नुसत्या काड्या राहिल्या होत्या. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, मी गेले तेव्हा होत्या तशाच. पायात काही नाही. टाचा भेगाळून काळ्या पडल्या होत्या. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

पोरीला खाटेवर निजवून मी स्वयंपाकाला लागले. वरण उकळलं. मोहरीचा डबा काढायला हात वर केला.

"नगं," आत्याबाई म्हणाल्या.

मी वळले.

"बाया घरात हायत अजून. पोरगी चालत गेल्याबिगर कशा जातील त्या?"

मी हात खाली घेतला. "म्हंजे आत्याबाई, तुमी तवापासनं?"

"मग काय करनार? येकदा मनात आलं, कुलूप घालावं आनि जावं सांगलीला. पन म्हटलं, मी घर सोडलं आनि बायांनी पोरीचा पाय न्हेला तर?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "डबा पोचत हुता न्हवं?"

"पोचत होता."

"आनि तू? तिथं फोडणीचं खाल्लंस?"

खोटं बोलता आलं नाही. "खाल्लं."

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, खालपासून वरपर्यंत. "बरं केलंस," म्हणाल्या. "तुला पोरीला उचलायचं हुतं."

त्या दिवशी आम्ही दोघी शेजारी बसून बिनफोडणीचं वरण जेवलो. माझ्या घशाखाली ते लवकर उतरत नव्हतं. एवढे दिवस मी तिकडं वाट बघत होते की घरून कुणीतरी येईल, आणि ही म्हातारी इथं उघड्या दाराच्या घरात ऊस ऐकत बसली होती. तिच्याशी बोलायलाही कोणी नव्हतं, कारण डहाळा बघून कोणी आत आलं नसणार.

प्लास्टर निघेपर्यंत आणि पुढं ती पाय टाकायला शिकेपर्यंत घरात फोडणी झाली नाही. आता दोघींचंही एकच जेवण होतं. प्लास्टर निघालं तेव्हा डावा पाय काठीसारखा बारीक झाला होता. भिंतीला धरून, खाटेला धरून, मग यांनी पाठवलेल्या छोट्या वॉकरला धरून ती चालायला लागली. पडायची. मी धावायची. आत्याबाई म्हणायच्या, "धरू नगं. तिचं तिला समजू दे."

ऊस तुटून गेल्यावर त्यांनी एका सकाळी दहीभात केला.

रान रिकामं होतं. घराच्या दारातून ओढ्यापर्यंत सगळं दिसत होतं. माझ्या लग्नापासून इतकं लांबवर मी इथं कधी बघितलं नसावं. वाटी पोरीच्या हातात देता येईना, कारण हात वॉकरला. मग आत्याबाईंनी वाटी फडक्यात बांधून तिच्या गळ्यात अडकवली. ती निघाली. मी मागं. माझ्यामागं आत्याबाई. ढेकळांतून वॉकर अडकायचा, ती तो उचलून पुढं ठेवायची. मध्ये एकदा ती बसली. खालीच बसली, मातीत. मला वाटलं आता हाक मारावी. तोंडावर पदर दाबून धरला. आयुष्यभर मला बोलायचं सुचलं नाही, आणि आज न बोलता राहणं जमेना. ती उठली. वॉकर तिथंच टाकला आणि बांधाच्या काठानं, एक पाय ओढत, दोन्ही हात पसरून दगडापर्यंत गेली. अर्धा दहीभात तिच्या झग्यावर सांडला होता. उरलेला तिनं दगडापुढं ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "जावा आता!"

"आगं, बायांस्नी असं बोलत्यात व्हय?" आत्याबाई मागून म्हणाल्या. पण त्या हसत होत्या.

घरी येऊन त्यांनी वाळका डहाळा सोडला. कढई चुलीवर ठेवली आणि तेल स्वतः ओतलं. मोहरी टाकली. ती तडतडायला जरा वेळ लागला. "लय दिस झालं," त्या म्हणाल्या, "मोहरी बी इसरलीया." मग तडतडली. सगळ्या घरात वास पसरला. आम्ही तिघीही चुलीपाशी उभ्या होतो.

गावात बोलणं झालंच. सुई टोचली म्हणून बायांनी पाय धरला, असं बायका पाणवठ्यावर म्हणायच्या. मी ऐकून खाली मान घालायची. आत्याबाईंनी मात्र एकदा एकीला सुनावलं, "धरला असता तर पोरगी चालली कशी? जरा आखूड करून दिलाय इतकंच. तुझ्या लेकाची जीभ लांब करून दिलीया, त्याचं का न्हाई बोलत तू?"

पाय खरंच आखूड होत गेला. दरवर्षी मी तिला सांगलीला न्यायची. डॉक्टरबाई तिला झोपवून दोन्ही टाचा जोडायच्या आणि मी श्वास धरून त्या टाचांकडं बघायची. कधी तेवढाच फरक, कधी थोडा वाढलेला. शेवटी बोटभर. डाव्या चपलेला जाड तळ लावून घ्यावा लागतो. शाळेत पोरी लंगडी म्हणायच्या. ती एकदा रडत आली, पुढं आलीच नाही. काय उत्तर द्यायची ते मला सांगितलं नाही. आत्याबाईंना सांगितलं असावं. त्या दोघींचं चांगलं जमायचं.

आत्याबाई गेल्या त्याला आता बरेच दिवस झाले. हे फौजेतून सुटून पुण्याला सिक्युरिटीत लागले. महिन्याकाठी येतात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही मायलेकी शेवटच्या तपासणीला गेलो. जुन्या बाई तिथं नव्हत्या, नवे डॉक्टर होते. त्यांनी फोटो बघून सांगितलं, हाडाची वाढ पूर्ण झाली, खुबा चांगला धरला आहे, आहे त्यापेक्षा पाय आता आखूड होणार नाही. "पुन्हा यायची गरज नाही," म्हणाले.

पोर उड्या मारायची तेवढी बाकी होती. दवाखान्याबाहेर तिनं उसाचा रस पाजला मला. मी पीत होते, आणि बरं वाटत होतं, आणि त्याच्याच पोटात काहीतरी रिकामं होत होतं. बारा महिन्यांत एक दिवस ती अख्खी माझ्याजवळ असायची. एसटीत खिडकीशी बसून बडबडायची. आता तो दिवस राहिला नाही. तेव्हा बोलले नाही. कसं बोलणार? पाय चांगला झाल्याचं वाईट वाटतंय, असं का कुणी म्हणतं?

ती सातारला गेल्यापासून मी एकटीपुरतं करते. एका माणसासाठी फोडणी घालायचा कंटाळा येतो. बरेचदा वरण तसंच घेते. ते खाताना आता आत्याबाई आठवतात. दोन घास झाले की वाटतं, त्या पलीकडं बसल्या आहेत.

सुट्टी असली की ती येते. कधी येणार ते फोनवर सांगते, पण एसटीचं काय सांगावं. मी वरण शिजवून ठेवते. कढईत तेल ओतते, मोहरीचा डबा उघडा ठेवते आणि गॅस बंद ठेवून ओट्यापाशी उभी राहते. बाहेर ऊस उभा आहे, पाणंदीतलं काही दिसत नाही. पण पाणंदीला खडी टाकली आहे, आणि तिच्या दोन चपलांचा आवाज एक नाही. उजवी हलकी वाजते, डावी जड. लांबूनच कळतं. तो आवाज वळणापाशी आला की मी गॅस पेटवते.